ओल्या फडक्यातल्या शिवल्या

सोमवार, ९ डिसेंबर

मेघना मॅडमनी लॅबसाठी जाड वही आणायला सांगितली. दुकानात दोनाचीच जोडी मिळत होती, म्हणून ही दुसरी माझी. पहिलीत मॅडमना दाखवण्यासारखं लिहायचं, हिच्यात उरलेलं.

यंदा आमच्या एस.वाय. मायक्रोबायोलॉजीच्या वर्गाला प्रोजेक्ट आहे, बाजारात मिळणाऱ्या खाण्यातले जंतू. दोघादोघांचे गट. मला सर्वेश मिळाला. डोंबिवलीचाच आहे, वडील बँकेत, बोलायला चटपटीत. काचेच्या नळ्या धुवायची वेळ आली की त्याला फोन येतो. चार गटांनी पाणीपुरीचं पाणी घेतलं, दोघांनी उसाचा रस. मॅडम वैतागल्या. "सगळे पाणीपुरीच्याच मागे का रे? दुसरं काही खात नाही का तुम्ही?"

मी मागच्या बाकावरून बोलून गेले, "शिवल्या."

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. फळ्यावर शिंपला काढून सांगायला लागल्या, की हा जीव दिवसभर पाणी आत ओढतो, गाळतो आणि सोडतो, पाण्यात जे असेल ते त्याच्या पोटात सापडतं. "फार छान सुचलं तुला, दक्षता. कुठून आणशील?"

"ठाण्याहून. कोपरीच्या बाजारातून. ओळखीच्या आहेत एक बाई."

ओळखीच्या बाई म्हणजे माझी आय. वीस वर्षांची ओळख आहे, खोटं काही बोलले नाही.

ठाण्यातली कॉलेजं सोडून मी रोज डोंबिवलीला येते. घरी सांगितलंय की इथे हा विषय चांगला शिकवतात. शिकवतातच. पण ठाण्याच्या कॉलेजात आमच्या कोळीवाड्यातल्या चौघी आहेत, आणि इथे एकही नाही. हे पहिल्या वहीत लिहिण्यासारखं नाही.

बुधवार, ११ डिसेंबर

आयला शिवल्यांचं सांगितलं आणि तिचा चेहरा असा उजळला की मीच खाली बघायला लागले. दोन वर्षांत तिने कॉलेजबद्दल दोनच गोष्टी विचारल्यात, जेवलीस का आणि कधी येशील. आज हातातलं काम टाकून समोर बसली.

"कशाला पायजेत गो? तुमच्या बाईंना खायला?"

"तपासायला. त्यांच्यात जंतू किती ते बघायचं."

"मंग मोठ्या देते. बारक्या कशाला नेतेस?"

जंतूंना मोठ्या-बारक्याशी काय करायचंय, पण ती ऐकेल तर ना. आज ओहोटी दुपारची होती. गुडघाभर चिखलात उतरून दोन तास वेचत होती. संध्याकाळी एकेक शिवली दुसरीवर आपटून आवाज ऐकत बसली. जी बद्द वाजली ती मेलेली, बाजूला. बाबा म्हणाले, "जने, पोरीच्या लग्नाला पन एवढं निवडून घेनार नाय तू." तिने लक्षच दिलं नाही.

मॅडमनी बजावलंय, नमुना विकणाऱ्याच्या हातून घेतल्यापासून लॅबपर्यंत बर्फात राहिला पाहिजे. त्यासाठी पांढरा थर्माकोलचा डबा दिलाय. केवढा तो! बाबांच्या होडीत असे दहा आहेत. तो हातात घेऊन मी कुठूनही चालत निघाले तर दहा जण विचारतील, "काय ताई, पापलेट कसं दिलं?"

गुरुवार, १२ डिसेंबर

डबा नेला नाही. पलंगाखाली सरकवला.

आयने शिवल्या ओल्या फडक्यात बांधल्या, खडेमिठाची पुडी दिली. "कोरड्या ठेवू नको हा. लई वेळ असंल तर मिठाच्या पान्यात सोड. जीव हाय त्यांच्यात." डब्याचं विचारलं तर म्हटलं, तिकडे दुसरा आहे. फडक्यावर एक पिशवी, तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी, मग सॅक. तरी वर्गात बसल्यावर पाचव्या मिनिटाला शेजारच्या रसिकाने नाक मुरडलं.

"ए, कसला वास येतोय? आज मार्गशीर्षातला गुरुवार आहे यार, माझा उपास आहे."

ती बाकाखाली वाकून हुंगायला लागली. मीही तिच्याबरोबर वाकून हुंगलं. "नाली तुंबली असेल," मी म्हणाले.

प्रॅक्टिकल दोन वाजता. वाजले होते साडेदहा. लॅबमध्ये फ्रिज आहे, पण चावी सखाराममामांकडे. मामा माणूस चांगला, पण आवाज असा की सगळ्या मजल्याला ऐकू जातं. "काय गं, म्हावरं आणलंस काय?" असं त्यांनी विचारलं की संपलंच. मग तळमजल्यावरच्या मुलींच्या वॉशरूममध्ये गेले. शेवटच्या मोरीत कोणी जात नाही. तिथे फरशी पुसायची निळी बादली होती. दोनदा विसळली, नळाचं पाणी घेतलं, मीठ ढवळलं, शिवल्या सोडल्या, वर पिशवी टाकली. थोड्या वेळात सगळ्या उघडून जिभा बाहेर काढून बसल्या. मला बरं वाटलं. कोरड्या ठेवल्या असत्या तर आयला काय तोंड दाखवलं असतं?

दोनला काढून लॅबमध्ये नेल्या. सर्वेश वहीत लिहीत होता. "नमुना बर्फात आणला ना?"

"हो."

शनिवार, १४ डिसेंबर

या तपासणीत शिवल्यांचा रस वेगवेगळा पातळ करून नळ्यांत घालतात. नळीतल्या छोट्या उलट्या नळीत हवेचा बुडबुडा दिसला, की तिथे आतड्यातले जंतू आहेत असं समजायचं. आमच्या सगळ्या नळ्यांत बुडबुडे! एक नळी सुटली नाही. सर्वेश नाचायचाच बाकी होता. पाणीपुरीवाल्यांच्यासुद्धा एवढ्या आल्या नाहीत.

मॅडमचा चेहरा मात्र गंभीर. "लोक हे खातायत," एवढंच म्हणाल्या. मग मला बोलावून सांगितलं की मुंबईतल्या एका मोठ्या प्रयोगशाळेत उन्हाळ्यात सहा आठवड्यांचं प्रशिक्षण असतं, कॉलेजातून एकच नाव जातं, आणि त्यांच्या मनात माझं नाव आहे. तिथे काम केलेल्यांना पुढे हॉस्पिटलच्या लॅबमध्ये पटकन घेतात. पांढरा कोट, एसी, हातमोजे. घरी जाईपर्यंत मी तेच बघत होते.

आयने विचारलं, "कशा होत्या माझ्या शिवल्या?"

"छान होत्या," मी म्हणाले.

रविवार, २२ डिसेंबर

पोस्टरसाठी माहिती वाचत होते. पुस्तकात सरळ लिहिलंय. शिंपले स्वच्छ खाऱ्या पाण्यात ठेवले तर काही तासांत बरेच निवळतात, आणि घाण पाण्यात ठेवले तर तितक्याच लवकर भरतात. काही तासांत.

साडेदहा ते दोन.

ती बादली कशाची आहे हे मला माहीत होतं. तिच्यातला पोछा कुठे फिरतो तेही. दोनदा विसळली म्हणजे स्वच्छ, हे मी, मायक्रोबायोलॉजीची विद्यार्थिनी, खुशाल धरून चालले. दुसरं कोणी असतं तर पिशवी तशीच कोरडी टांगून ठेवली असती आणि वाचलं असतं. मी आयची मुलगी म्हणून त्यांना पाणी दिलं.

उद्या मॅडमना सांगते.

सोमवार, २३ डिसेंबर

नाही सांगितलं. मॅडम घाईत होत्या. शिवाय खाडीचं पाणी काही गंगाजल नाही. बादली नसती तरी बुडबुडे आलेच असते, कदाचित. सर्वेशने पोस्टरचा मजकूर पाठवूनही दिला.

हे सगळं मी अशा सुरात लिहितेय की जणू कोणी विचारलंय.

बुधवार, ८ जानेवारी

पहिला नंबर.

पोस्टर मोठं देखणं झालं होतं. वर लाल अक्षरात निष्कर्ष, खाली नमुन्याचं ठिकाण, कोपरी बाजार, ठाणे पूर्व. त्याखाली आम्हा दोघांची पूर्ण नावं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "नमुना किती वेळात लॅबमध्ये आला?" सर्वेश म्हणाला, "दोन तासांत, बर्फात." त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. बोलले नाही, नुसती मान.

टाळ्या वाजल्या तेव्हा मी खाली बघत होते. लोकांना वाटलं मी लाजले.

रविवार, १२ जानेवारी

सर्वेशचा मेसेज आला, आपलं पोस्टर फुटलंय. म्हणजे व्हायरल झालंय. त्यानेच फोटोवर 'खाडीच्या शिवल्या खाताय? सावधान!' असं लिहून ग्रुपवर टाकलं होतं. तिथून ते सोसायट्यांच्या ग्रुपवर गेलं. कोपरीतल्याही असणार. मी त्याला अंगठा पाठवला.

आयचा फोन साधा, बटणांचा. ते एक बरं आहे.

मंगळवार, १४ जानेवारी

आय पाटी भरलेली घेऊन दहालाच परत आली. मी धसकले. ती म्हणाली, "आज संक्रांत, कोन खातंय?" खरंच की! जिवात जीव आला. तिळाचे लाडू खाल्ले. तिने खाल्ले नाहीत, दात दुखतोय म्हणाली.

पाटीतल्या शिवल्या तिने कालवणाला घेतल्या नाहीत, मागे खड्डा करून पुरल्या. उरलेल्या ती शेजारी वाटते एरवी. विचारलं तर म्हणाली, मेलेल्या होत्या.

शुक्रवार, १७ जानेवारी

हल्ली आयला माझ्या अभ्यासात फार रस वाटायला लागलाय. आज मी वाचत बसले तर शेजारी येऊन टेकली.

"तुमच्या त्या काचेत दिसतात काय ते जंतू?"

"एकेकटे मोठ्या भिंगाखाली दिसतात. वाढवले की नुसत्या डोळ्यांनीही त्यांचे ठिपके दिसतात."

"उकळलं की मरतात ना?"

"बरेचसे."

"आन आधीच कोनी खाल्लं असंल तर? वरसाआधी?"

"वर्षाआधीचं आता काय! झालं असेल ते तेव्हाच झालं असेल. जुलाब, उलट्या. लहान मुलांना जास्त त्रास होतो."

तिने मान डोलावली आणि उठून गेली. मी इतक्या सोप्या भाषेत समजावलं म्हणून स्वतःवर खूश झाले. पुढे शिकवायलाही हरकत नाही. आता घरात पाणी दोनदा उकळून भरतात. गॅस लवकर संपणार म्हणून बाबा कुरकुरतायत.

मंगळवार, २१ जानेवारी

आय आठवडाभर खाडीवर गेली नाही. गुडघा धरलाय म्हणते. त्याऐवजी पुलापलीकडे एका शेडमध्ये कोळंबी सोलायला जाते, सकाळपासून उकिडवी बसून. गुडघा धरलेल्या माणसाने उकिडवं बसायचं म्हणजे काय ते तीच जाणे. बाबा चिडलेत, "सोताचा धंदा सोडून दुसऱ्याच्या दारात कशाला बसतेस?" ती म्हणाली, "मना आता चिखलात उतरवत नाय."

तिचंही वय झालं, असं मी बाबांना समजावलं. मॅडमनी आज माझं नाव प्रयोगशाळेला कळवायचं पत्र लिहायला घेतलं.

गुरुवार, २३ जानेवारी

आजच लिहायचं.

लवकर सुटले. स्टेशनबाहेर कलावती काकू भेटली. ती आयच्या शेजारी सुकी मासळी विकते. मला बघून तिने हाताला धरून बाजूला घेतलं.

"तुझ्या आयला काय झालंय गो? काल मायाताईंच्या दारात जाऊन उभी रायली, हात जोडून."

मायाताई म्हणजे आयचं जुनं गिऱ्हाईक, शाळेतल्या बाई. त्यांचा नातू दिवाळीत जुलाब होऊन हॉस्पिटलात होता, एवढं मला ऐकून माहीत होतं.

"हात का जोडले?"

"माफी मागाया. म्हनाली, पोरानं माझ्याच शिवल्या खाल्लेल्या, मना ठाव नव्हतं त्यांच्यात घान हाय. असं दोन-तीन घरी फिरून आली. आमाला पन सांगते, इकू नका, माझ्या पोरीनं काचेत बघितलंय. आमी म्हनलं, पोरांचं काय ऐकतेस, तर भांडली आमच्याशी. म्हनाली, माझी दक्षता खोटं नाय बोलनार."

"तिला कोणी सांगितलं, मी बघितलंय ते?"

"मायाताईंनीच दाखवला ना मोबाईल, संक्रांतीच्या सकाळी. त्यांना काय ठाव, तू कोन. तुझ्या आयनं बोट ठेवून नाव वाचलं. दक्षता भिवाजी नाखवा. दोनदा वाचलं. मंग पाटीवर फडका टाकला."

आय चौथी शिकलीय. माझं नाव तिला वाचता येतं, कारण माझ्या शाळेच्या वह्यांवर तीच घालायची.

म्हणजे संक्रांतीला तिला माहीत होतं. 'उकळलं की मरतात ना' विचारलं तेव्हाही. आणि मी तिला लहान मुलांना जास्त त्रास होतो हे सांगत बसले होते, शिकवण्याच्या सुरात. तोंड लपवायला जागा नव्हती, रस्त्यावर भर उन्हात.

घरी आले. ती ओट्यावर कोळंबी सोलत होती, घरीही काम आणायला लागलीय. मी समोर बसले आणि म्हणाले, "आय, तुझ्या शिवल्या खराब होत्या असं नाही. माझी तपासणी खराब होती."

तिला कळेना. मी सांगितलं. बर्फात नेल्या नाहीत, कॉलेजात घाण बादलीत ठेवल्या, तिथलं पाणी त्यांनी ओढून घेतलं, आणि ते मी तुझ्या नावावर घातलं. महिनाभर मला माहीत होतं.

ती एवढंच म्हणाली, "म्हंजी मायाताईंचा नातू माझ्यापायी नाय पडला?"

"ते मी सांगू शकत नाही, आय. पण माझ्या पोस्टरवरून तसं म्हणता येत नाही."

"नाय ना?"

"नाही."

तिने कोळंबीचा हात तसाच तोंडावर धरला आणि रडायला लागली. आजी गेली तेव्हाही मी तिला असं बघितलं नव्हतं. "मना वाटलं गो, एवढी वरसं लोकांच्या पोरांना मी घान खाऊ घातली," म्हणत होती. "झोप लागत नव्हती." मग डोळे पुसले आणि चक्क हसली.

मला मारायला हवं होतं तिने. एक तरी. मी वाट बघत होते. तिच्या लेखी माझा गुन्हा अजून सुरूच झाला नव्हता, ती स्वतःच्याच सुटकेत होती. याहून मेलेलं बरं, असं मला वाटलं, आणि हे मी उगाच लिहीत नाही.

मग तिने पुढची कोळंबी उचलली. "कुठली बादली?"

"संडासातली."

"दुसरी जागा नव्हती कॉलेजात?"

"होती. फ्रिज होता."

"मंग?"

खोटं सुचत होतं. दोन-तीन सुचली. म्हटलं, "वास येत होता. मुली बोलत होत्या."

तिचे हात थांबले नाहीत. "येतो वास," ती म्हणाली.



शुक्रवार, २४ जानेवारी

मेघना मॅडमना सगळं सांगितलं, दार लावून. आधी वाटलं होतं रडेन, पण रडूही आलं नाही. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

"बादलीचं तुझ्या लक्षात कधी आलं?"

"बावीस डिसेंबरला."

"आज चोवीस जानेवारी." त्यांनी चष्मा काढून ठेवला. "बारा डिसेंबरला झाली ती चूक, दक्षता. तशा चुका मीही केल्यात. पण हा मधला महिना चूक नाही."

प्रयोगशाळेचं पत्र त्यांच्या टेबलावरच होतं, सहीसाठी ठेवलेलं. त्यांनी ते माझ्यासमोर फाडलं नाही, खणात टाकलं. प्रयोगशाळेला दुसऱ्या कोणाचं तरी नाव जाईल. बक्षीस परत, आणि कॉलेजतर्फे खुलासा निघेल. उठताना त्यांनी विचारलं, "त्या ओळखीच्या बाई कोण?"

"माझी आई."

मॅडमनी चष्मा परत लावला. "हे पहिल्या दिवशी सांगितलं असतंस तर मी तुला त्यांच्याबरोबर चिखलात उतरवलं असतं. खाडीवर काम करणारे लोक अशा माणसाच्या शोधात असतात. ओहोटी कधी, कुठे काय सापडतं, हे आम्हाला पुस्तकात मिळत नाही."

मी जे लपवलं तेच माझ्याकडचं चांगलं होतं, हे मला वीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. बहुतेक आयने सांगितलं असेल आणि मी ऐकलं नसेल.

मॅडमनी सर्वेशलाही बोलावून सांगितलं. त्याने मला जिन्यात गाठलं. "एक बादली! सांगितलं नसतंस तर कोणाला कळलं असतं? माझं काय चुकलं यात, बोल ना." त्याचं काही चुकलं नव्हतं, बर्फाचं त्याने विचारलं होतं. मी तसं म्हणाले. तो म्हणाला, "तुझ्या सॉरीचं काय लोणचं घालू?" आणि गेला. शेवटच्या तासाला रसिकाही दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. वासासाठी नाही, एवढं समजलं.

बुधवार, २९ जानेवारी

परत नमुने. मॅडमनी सांगितलं तसे, पाच जागांचे, वेगवेगळ्या पिशव्यांत. आयने पहाटेच्या ओहोटीला काढून दिले. मी बरोबर जाते म्हटलं तर म्हणाली, "तुला सवय नाय, कालवांच्या धारेनं पाय चिरतील." या वेळी तिने काही विचारलं नाही, आपटून आवाजही ऐकत बसली नाही. मोजून पिशव्या भरल्या आणि थर्माकोलच्या डब्यात बर्फावर ठेवल्या.

डबा घेऊन गेले. ठाण्याला एकाने, डोंबिवलीला दोघांनी विचारलं, "काय आहे ताई, कोळंबी का?" म्हटलं, शिवल्या. आकाश कोसळलं नाही. सखाराममामांनी अपेक्षेप्रमाणे सगळ्या मजल्याला ऐकवलं. एवढ्यासाठी मी हे सगळं केलं होतं.

सोमवार, ३ फेब्रुवारी

काही नळ्यांत बुडबुडे आहेत, बऱ्याच कोऱ्या आहेत. मॅडम म्हणाल्या, "खाडी स्वच्छ आहे असं लिहायचं नाही. पहिलं पोस्टर चुकीचं होतं असं लिहायचं, कारणासकट. आणि नीट शिजवून खा, एवढं."

कारणासकट लिहायला मला तीन कागद लागले.

शनिवार, ८ फेब्रुवारी

कॉलेजचा खुलासा सर्वेश सोडून आम्ही सगळ्यांनी पुढे पाठवला. कुठेच पोचला नाही. 'सावधान' पोचतं, 'माफ करा' कोण पाठवतंय? म्हणून आज आय परत पाटी घेऊन बाजारात बसली तेव्हा तो कागद घेऊन मीच तिच्यापाशी उभी राहिले. आय म्हणाली, "कशाला? जा, अभ्यास कर." मी गेले नाही. येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, ते पोस्टर माझं, चूक माझी. काहींनी ऐकून घेतलं. एकाने मोबाईलमधून मान वर केली नाही.

मायाताई आल्या. कागद पूर्ण वाचला, शाळेतल्या बाई आहेत त्या. म्हणाल्या, "सांगायला आलीस ते चांगलं केलंस." मग आयला म्हणाल्या, "पण शिवल्या सध्या नकोत हो. घरात लहान मूल आहे. बोंबील द्या."

"चालंल ना," आय म्हणाली. बोंबील तिने नेहमीसारखे एक वाढवून दिले.

बारापर्यंत शिवल्यांचे तीन वाटे गेले. कलावती काकूने त्यातला एक घेतला, म्हणजे दोनच धरायचे.

रविवार, ९ फेब्रुवारी

सकाळी मागच्या दारी गेले तर दिसलं. दोन दोऱ्या आहेत. जुनीवर आयची लुगडी आणि बाबांचे कपडे. दुसरी नवी, निळी, पार त्या टोकाला पेरूच्या बाजूला, तिच्यावर फक्त माझे कुर्ते आणि कॉलेजचा पांढरा कोट.

"ही कधी बांधलीस?"

"झाले की पंधरा दिवस."

पंधरा दिवस मी त्याच दोरीवरून कपडे काढून नेत होते आणि मला दिसलं नव्हतं.

"का पण?"

"वास लागतो ना तुझ्या कपड्यांना." ती आंघोळीच्या पाण्याची चूल फुंकत होती, मान वर न करता साधं बोलली, मीठ संपलंय सांगावं तसं. टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडले असते, माफी मागितली असती, काहीतरी करता आलं असतं.

मी माझे सगळे कपडे काढले आणि जुन्या दोरीवर तिच्या लुगड्यांना लागून घातले. ती दारातून बघत होती.

आंघोळ करून बाहेर आले तर ते परत निळ्या दोरीवर होते, नीट चिमटे लावून.